डावा हात कागदावर

सोमवार, ६ जानेवारी

प्रिय ताई,

परवा फोनवर मी तुला पंधरा मिनिटं माझी सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी तू म्हणालीस, "बरं झालं, मग कधी येतेस?" त्याच क्षणी ठरवलं, यापुढे तुझ्याशी बोलायचं ते कागदावर. तुझ्या कानांचं काय झालंय ते तू सांगत नाहीस आणि मी विचारत नाही. आपण एकाच मिशनच्या शाळेत शिकलेल्या मावसबहिणी. दुसऱ्याच्या वर्मावर बोट ठेवायचं नाही हे दोघींना एकाच सिस्टरनी शिकवलंय.

शिवाय मला आता वेळच वेळ आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठ ते बारा मी इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर एका निळ्या खुर्चीत पाय लांब करून बसते. डाव्या हातात दोन सुया. एका नळीतून रक्त यंत्रात जातं, तिथे धुऊन निघतं आणि दुसऱ्या नळीतून परत येतं. माझ्या मूत्रपिंडांनी राजीनामा दिला, त्यांच्या जागी हा बदली कामगार. चार महिने झाले, काम चोख करतो.

आठ खुर्च्या, आठ यंत्रं. आत आल्यावर वजन, निघताना पुन्हा वजन. मधला फरक म्हणजे दोन दिवसांत प्यालेलं पाणी. दिवसाला चार कप, त्यात चहाही आला. सुया लावणारी मुलगी काम करताना गुणगुणते, म्हणून मी तिला गुणगुणी म्हणते. उजवीकडच्या खुर्चीत एक शिंपी असतात. पन्नास वर्षं कोट शिवले म्हणे. ते कुणाशीच बोलत नाहीत, छताकडे बघतात. चिरंजीव मला सकाळी फाटकाशी सोडून ऑफिसला जातात, दुपारी मी बसने घरी.

कॉलेजची प्रमाणपत्रं यंदा आली नाहीत. तीस वर्षं दर जानेवारीत गठ्ठा यायचा, मुलांची नावं माझ्या हातची. आता नावंही छापूनच घेतात. बरंच झालं, मलाही कुठे वेळ आहे?

सगळे म्हणतात, किती धीराची आहे ही. ऐकायला बरं वाटतं.

तुझी
शाई


शनिवार, ११ जानेवारी

प्रिय शाई,

पाकीट उघडलं आणि चष्मा पुसून घेतला. मजकूर नंतर वाचला, आधी ओळी पाहिल्या. डावीकडे जमिनीवरून निघतात आणि उजवीकडे पोचेपर्यंत माळ्यावर चढलेल्या. मधे एक ओळ तर दुसरीच्या अंगावरच पडली आहे. ही तीच मुलगी का, जिची वही सिस्टर वर्गावर्गांत फिरवायच्या? बोटं कायम निळी म्हणून जिला सगळं बोर्डिंग शाई म्हणायचं? रडत लिहिलंस का? हात थरथरतो? चक्कर येते? खरं सांग.

आणि लबाडी करू नकोस. पहिल्या पानावर "वेळच वेळ आहे" आणि दुसऱ्यावर "कुठे वेळ आहे". मी चौतीस वर्षं ग्रंथपाल होते, माझ्या हातून पानं निसटत नाहीत.

मी इथे चौकशी करून ठेवली आहे. अशक्तपणावर रोज दोन केळी खा, संत्र्याचा रस घे आणि पाणी भरपूर पी. सकाळी गच्चीत भराभर चाल.

सिस्टर आठवतात ना, हातात लाकडी पट्टी घेऊन बाकांमधून फिरायच्या. "डावा हात कागदावर, उजवा लेखणीवर." माझा डावा हात नेहमी बाकाखाली, पेपरमिंटच्या पुडीत. तीन वर्षं पट्टी खाल्ली, पण अक्षर काही सुधारलं नाही. तुझं मात्र पहिल्या दिवसापासून मोत्यांसारखं. त्याला काय झालं?

उलट टपाली लिही.

तुझी
ताई


शुक्रवार, १७ जानेवारी

प्रिय ताई,

केळी, संत्र्याचा रस आणि भरपूर पाणी. डायलिसिसवरच्या माणसाला काय काय वर्ज्य असतं त्याची यादी इथे भिंतीवर लावली आहे, आणि तुझे तिन्ही उपाय त्यात सर्वांत वर आहेत. मी तुझं ऐकलं असतं तर एव्हाना सिस्टरच्याच शेजारी जाऊन बसले असते, स्वर्गात, पट्टीखाली. गुणगुणीला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती इतकी हसली की तिला सुई बाजूला ठेवावी लागली.

आता अक्षराचं. अगं वेडे, डावा हात यंत्राला बांधलेला. तो हलला की यंत्र बोंब मारतं. मग कागद कोण धरणार? इथे थंडी फार, म्हणून मांडीवर पांघरूण असतं, त्यावर मासिक, मासिकावर कागद. मी ओळ लिहायला घेतली की कागद निघाला फिरायला. त्याच्या मागे माझं पेन. रडते कुठली, मी तर कागदाशी पकडापकडी खेळते.

शिंपीबुवा अजून छताकडेच बघताहेत. आज एकदा माझ्या कागदाकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्यांना बहुतेक माझ्या ओळी उसवलेल्या शिवणीसारख्या दिसत असाव्यात.

मी मजेत आहे. काळजी करू नकोस.

तुझी
शाई


बुधवार, २२ जानेवारी

प्रिय शाई,

जीव भांड्यात पडला. एवढंच होतं तर आधी सांगायचंस. सोबत पार्सल पाठवते आहे. आमच्या ग्रंथालयाचं जुनं पॅड, वर लोखंडी चाप. निवृत्त होताना उचलून आणलं होतं. चौतीस वर्षांतली माझी एकुलती चोरी तुझ्या उपयोगी पडू दे. आता कागद कसा पळतो बघू.

माझं बरं चाललंय. गुरुवारच्या वाचनगटात जाणं सोडलं. त्या बायका हल्ली सगळ्या पुटपुटायला लागल्या आहेत, दात गेले असतील. घरात पुस्तकं आहेत, मी आहे. शेजारच्या काकू बेल वाजवून कंटाळून जातात, असं त्या म्हणतात. बेल वाजतच नसेल.

सरळ ओळीतलं पत्र पाठव.

तुझी
ताई


बुधवार, २९ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पॅड मिळालं. त्याचा फार उपयोग होतो. आज नेहमीप्रमाणे खुर्चीत बसून लिहिते आहे आणि ओळी कशा आल्या आहेत ते तूच बघ.

माझी प्रकृती उत्तम आहे. हवा छान आहे, ऊन कोवळं पडतं. झोप चांगली लागते. चिरंजीव काळजी घेतात. इथले सगळे लोक प्रेमळ आहेत. वाचन चालू आहे.

तू तब्येतीला जप.

तुझी
शाई


रविवार, २ फेब्रुवारी

प्रिय शाई,

मी म्हटलं नव्हतं? हे आमच्या शाईचं अक्षर. एकेक अक्षर कसं इस्त्री करून ठेवल्यासारखं. पत्र मी दिवाणखान्यात उभं करून ठेवलंय आणि काकूंना दाखवलं. त्या काहीतरी म्हणाल्या, चांगलंच म्हणाल्या असतील.

एका चापाने काम झालं बघ. तुमच्या डॉक्टरांना सांग, सल्ला हवा असेल तर मी उपलब्ध आहे. केळी सोडून.

तुझी विजयी
ताई


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

घाईत लिहिते. आज यंत्र दोनदा ओरडलं, माझाच हात हलला. तुझं पॅड म्हणजे गंमतच आहे, कागद पळत नाही पण सगळं पॅडच पांघरुणावर घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. आत्ता माझ्या मांडीवर सव्वातीन वाजले आहेत.

नवीन चपला घेतल्या, एक नंबर मोठ्या. पाय संध्याकाळी जरा फुगतात. काल जिना चढताना दोनदा थांबले. वय झालं, दुसरं काय. गुणगुणी वजनकाट्याकडे बघून गुणगुणायची थांबली. मी म्हटलं, अगं, साडीचं वजन धर की.

बाकी सगळं ठीक.

तुझी
शाई


रविवार, १६ फेब्रुवारी

प्रिय शाई,

आज मी जेवणाचं टेबल रिकामं केलं आणि तुझी सगळी पत्रं तारखेप्रमाणे मांडली. बुधवार, १२ तारखेचं कार्डही, ज्यात "प्रकृती उत्तम, हवा छान" याखेरीज काही नाही. जुनी खोड. मांडल्याशिवाय मला कळत नाही.

६ जानेवारी, सोमवार. ओळी वाकड्या.
१७ जानेवारी, शुक्रवार. वाकड्या.
२९ जानेवारी, बुधवार. सरळ.
७ फेब्रुवारी, शुक्रवार. वाकड्या, आणि पॅड फिरतंय.
१२ फेब्रुवारी, बुधवार. सरळ.

जे पॅड शुक्रवारी सव्वातीन वाजवतं ते बुधवारी गुपचूप बसतं, असं पॅड आमच्या ग्रंथालयात नव्हतं. तुझ्या बुधवारच्या पत्रांत डावा हात कागदावर आहे, शाई.

आणि मी मूर्ख. २९ तारखेचं पत्र मी कौतुकाने मांडून ठेवलं होतं. आज पुन्हा वाचलं. ते तर रविवारचं पत्र आहे. बोर्डिंगमधलं. सिस्टर वाचून मगच पाकिटात घालायच्या ते. प्रकृती उत्तम, हवा छान, सगळे प्रेमळ. त्या काळात तू रोज उशीत तोंड खुपसून रडायचीस आणि घरी माझ्या मावशीला, म्हणजे तुझ्या आईला, लिहायचीस, इथले सगळे प्रेमळ आहेत.

बुधवारी तू कुठे असतेस?

ताई


बुधवार, १९ फेब्रुवारी

ताई,

वाचनालयात असते. इस्पितळासमोरच्या. चिरंजीव फाटकाशी सोडतात, त्यांची गाडी वळली की मी रस्ता ओलांडते. तिथे मोठं टेबल आहे, खिडकी आहे आणि दोन्ही हात मोकळे असतात. इस्पितळाचा फोन आला की सर्दी झाली म्हणून सांगते. त्यांच्याकडे नंबर माझाच आहे.

आज चौथा बुधवार. आठवड्यात तीनदाऐवजी दोनदा, तेवढ्याने काही होत नाही.

पत्रं तारखेप्रमाणे मांडायला मी तुझं ग्रंथालय नाही आणि तू माझी वॉर्डन नाहीस. मी साठ वर्षांची आहे. आठवड्यातली एक सकाळ मला माझी हवी होती, एवढंच. चिरंजीवांना कळवू नकोस. कळवलंस तर हे शेवटचं पत्र.

शाई


रविवार, २३ फेब्रुवारी

प्रिय शाई,

तेवढ्याने होतं. मी चौकशी केली. या वेळी काकूंकडे नाही, डॉक्टरांकडे. त्यांना सगळं कागदावर लिहून द्यायला सांगितलं, कारण मला ऐकू येत नाही.

लिहून टाकलं बघ. मला ऐकू येत नाही, शाई. दीड वर्ष झालं. कानात घालायचं यंत्र मिळालंय, ते टेबलाच्या खणात पेपरमिंटच्या डबीत आहे. ते घातलं की मी म्हातारी झाले असं वाटतं, म्हणून घालत नाही. वाचनगटात सगळ्या हसल्या की मीही हसायचे. चेहरे बघून अंदाज बांधायचे. एकदा अंदाज चुकला. एक जण नवऱ्याच्या आजारपणाबद्दल सांगत होती आणि मी हसले. नंतर गेले नाही. बायका पुटपुटतात वगैरे सगळं खोटं. घरात दिवसभर एक शब्द न बोलता बसते आणि तुला लिहिते, बरं चाललंय. रविवारची पत्रं मलाही येतात.

तू वाचनालयात मजेसाठी जात नाहीस. मजेसाठी जाणारं माणूस "वाचन चालू आहे" असं लिहीत नाही, पुस्तकाबद्दल लिहितं.

मी मंगळवारी सकाळच्या बसमध्ये बसणार. हे पत्र तुला मिळेल तेव्हा बहुतेक मी आधीच येऊन गेलेली असेन. तसं असेल तर मला वाचून दाखव, मोठ्याने.

चिरंजीवांना मी कळवणार नाही. ते तुलाच करायचंय.

तुझी
ताई


सोमवार, १० मार्च

प्रिय ताई,

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. टपालापेक्षा तुझी बस वेगवान निघाली. पुढल्या वेळी पत्रं तूच घेऊन येत जा.

त्या बुधवारी फाटकाशी काय काय झालं त्यातलं निम्मं तुला ऐकू आलं नसणार, म्हणून लिहिते.

चिरंजीवांची गाडी वळली, मी रस्त्याकडे वळले, तर तू पहारेकऱ्याच्या शेजारी त्याच्याच बाकावर बसलेली. तो पेपरमिंट चघळत होता, म्हणजे तुमची ओळख जुनी झाली होती. तू म्हणालीस, "चल." मी तुझ्या कानाशी हळूच म्हटलं, मला भीती वाटते. तू म्हणालीस, "काय?" मी जरा मोठ्याने म्हटलं. तू पुन्हा "काय?" तिसऱ्यांदा मी इतक्या जोरात म्हटलं की पहारेकरी उठून उभा राहिला आणि नोंदणीच्या खिडकीपाशी रांगेतल्या सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

बहिऱ्या बहिणीला गुपित सांगायचं म्हणजे गावजेवण. पण एकदा आवाज लागल्यावर मला तो खाली आणता येईना. मी ओरडून सांगितलं की भीती सुईची नाही, उद्याची वाटते, आणि उद्या झाला की परवाची. सांगितलं की कशातच काही वाटेनासं झालंय. की सकाळी एका पायात चप्पल घालून मी पलंगाच्या कडेला बसते आणि दुसरी घालायला तास लागतो. की लोक मला धीराची म्हणतात आणि मला त्यांच्या अंगावर काहीतरी फेकावंसं वाटतं.

तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "मलाही वाटते." हे तुला ऐकू आलं नाही. तू आपली माझे डोळे पुसत होतीस, तेही टॉवेलने. मागे आमचे शिंपीबुवा उभे होते, हातात पिशवी. इतक्या महिन्यांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. म्हणाले, "मी येतो वेळेवर. पण मुलीच्या गाडीतच अर्धा तास बसून राहतो. मग उतरतो." रांगेतल्या एका बाई म्हणाल्या, आमच्या सासऱ्यांचंही हेच, त्यांना साखरेचा आजार. पहारेकऱ्याने मला पेपरमिंट दिलं. तुझंच.

मग गुणगुणी खाली आली आणि पुढचं तुला माहीत आहे. वजन पाहून डॉक्टर जे बोलले ते तू ऐकलं नाहीस हे तुझं भाग्य. फुप्फुसात पाणी व्हायला लागलं होतं. आणखी एक-दोन बुधवार म्हणजे रुग्णवाहिका, असं म्हणाले.

मनाच्या डॉक्टरीणबाई त्याच मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत बसतात. इतके महिने मी त्या दारावरून वजनकाट्याकडे जात होते. मला वाटायचं, ती खोली ज्यांना खरोखर काही झालंय त्यांची. त्या म्हणाल्या, "लांबलेल्या आजारात हे इतक्या जणांना होतं की तुम्ही सांगायची वाट न बघता आम्हीच विचारायला हवं होतं. यंत्र रक्त धुतं. बाकीचं त्याच्या हातात नाही." धीर धरा, असं एकदाही म्हणाल्या नाहीत. माझ्या मूत्रपिंडांना चालेल अशी एक बारीक गोळी दिली आहे, तीन-चार आठवडे वाट बघायला सांगितलं आहे आणि मधेच बंद करायची नाही असं बजावलं आहे. शिवाय दर सोमवारी बोलायला जायचं. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, प्रकृती उत्तम, हवा छान. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "हवा आहे खरी छान." मग मला हसू आलं आणि त्यातच रडू.

बोलता बोलता प्रमाणपत्रांचं निघालं. गठ्ठा आला नाही त्या आठवड्यात मी दौतीत पाणी घालून तिचं तोंड बंद केलं होतं, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुलाही नाही. दर वर्षी दीडशे मुलं माझ्या हातचं नाव घेऊन घरी जायची, ताई. आणि इथे खुर्चीत बसून मला एक ओळ सरळ येईना. तुझं पॅड आलं त्यानंतरच्या बुधवारी मला सरळ ओळ लिहायची होती. फक्त एक ओळ. म्हणून रस्ता ओलांडला. मग तीच सवय लागली.

चिरंजीवांना सांगितलं. ते म्हणाले, "आई, फाटकाशी सोडलं की पोचवलं, असं मी समजत होतो." दुसऱ्या दिवशी इस्पितळात त्यांचा नंबर लिहून आले.

आता तुझी पाळी. खण उघड.

तुझी
शाई

ता. क. तू माझी वॉर्डन नाहीस हे वाक्य मागे घेत नाही. पण येत जा.


रविवार, १६ मार्च

प्रिय शाई,

उघडला. यंत्राला पेपरमिंटचा वास लागला आहे.

पहिल्या दिवशी माझ्याच चपलांचा आवाज ऐकून मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. फ्रीज बोलतो हे मी विसरले होते. बेल वाजते, आणि फार कर्कश वाजते. काकूंना मी दीड वर्ष खोटं पाडत होते, त्यांची माफी मागितली. त्यांनी ती मान्य केली आणि मग दोन तास बोलल्या. यंत्राला बंद करायचं बटण असतं, हे कळलं.

गुरुवारी वाचनगटात गेले. पायऱ्यांवर दोनदा परत फिरले, तुझ्या शिंपीबुवांची आठवण झाली. आत गेले आणि काय ऐकलं माहीत आहे? त्या बायका पुटपुटत नव्हत्याच. सगळ्या ओरडत होत्या. माझ्यासाठी. दीड वर्ष त्यांना तसं बोलायची सवय लागली होती आणि मी नसतानाही ती सुटली नव्हती. मी म्हटलं, बायांनो, हळू बोला. मग ज्या बाईंच्या नवऱ्याच्या आजारपणावर मी हसले होते, त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या दिवशी हसलेली तूच एक होतीस, बाकीच्या तोंड पाडून बसल्या होत्या, मला बरं वाटलं होतं. मी त्यांना पेपरमिंट दिलं.

आता माझं एक ऐक. यापुढे मला तुझ्या ओळी वाकड्या हव्यात. चढलेल्या, पडलेल्या, एकमेकींच्या अंगावर गेलेल्या, कशाही. सरळ ओळीतलं पत्र आलं की मी पहिल्या बसमध्ये बसेन. माझी पिशवी दाराशी भरून ठेवली आहे.

तुझी
ताई


बुधवार, २६ मार्च

प्रिय ताई,

थांब. पिशवी खाली ठेव. बसमध्ये बसू नकोस. ओळी सरळ आहेत हे मलाही दिसतंय. आधी वाच.

मी खुर्चीत आहे. डाव्या हातात सुया आहेत, यंत्र चालू आहे, साडेनऊ वाजले आहेत. वाटल्यास इस्पितळात फोन कर, आता तुला ऐकू येतं.

आधी खरं सांगते. भीती गेलेली नाही. आज सकाळी मी पुन्हा एक चप्पल घालून बसले होते. पण पंधरा मिनिटंच. गोळी काम करायला लागली आहे असं बाई म्हणतात, मला अजून नक्की कळत नाही. काल संध्याकाळी खिडकीशी उभी होते, तेव्हा मात्र समोरच्या दुकानाची पाटी कुणीतरी वाईट अक्षरात रंगवलेली दिसली आणि मला तिचा राग आला. बाईंना सांगितलं तर त्या खूष झाल्या. म्हणाल्या, राग आला हे उत्तम.

शिंपीबुवा आता मुलीच्या गाडीत बसत नाहीत, फाटकाशी पहारेकऱ्याच्या बाकावर बसतात. मी आले की उठतात. दोघं मिळून जिना चढतो आणि जो दमेल त्याने दुसऱ्याला दोष द्यायचा असं ठरलं आहे.

आज मी तुला लिहायला घेतलं आणि पॅड नेहमीप्रमाणे फिरायला लागलं. त्यांनी छताकडे बघणं सोडलं आणि माझ्या मांडीकडे बघत राहिले. शेवटी त्यांना राहवेना. म्हणाले, "कापड असं पळायला लागलं तर आम्ही वर वजन ठेवतो. तुम्ही नुसत्या बघत बसता."

मी म्हटलं, "वजन ठेवायला हात कुठून आणू? एकच मोकळा आहे."

"माझाही एकच आहे," ते म्हणाले. "मी डावखुरा. म्हणून सुया उजव्या हातात घेतल्या, कात्रीचा हात राखला. आता कात्री नाही, हात नुसताच पडून आहे."

ते माझ्या उजवीकडे बसतात, ताई. त्यांचा मोकळा डावा हात माझ्या उजव्या हाताच्या अगदी शेजारी. मधे वीतभर जागा. इतके महिने आम्ही दोघं एकेक रिकामा हात घेऊन शेजारी शेजारी बसलो होतो आणि दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्यांनी हात लांब करून पॅड धरलं. आधी अंगठा ओल्या शाईवर पडला, मग कागदाच्या कोपऱ्याला लागला. मी ओरडले, तर म्हणाले, "खडूचे डाग आयुष्यभर अंगावर घेतले, शाईचं काय कौतुक." आता या क्षणी ते पॅड धरून बसले आहेत आणि मान वाकडी करून ओळी तपासताहेत. म्हणतात, दुसऱ्या परिच्छेदातली तिसरी ओळ केसभर खाली गेली आहे. पन्नास वर्षं टीप घातलेला माणूस, त्याला काय सांगणार.

गुणगुणी म्हणते, पुढच्या आठवड्यात तिच्या भाचीचं नाव एका कार्डावर लिहून द्याल का? मी विचार करून सांगते म्हटलं. शिंपीबुवांनी परस्पर हो म्हणून टाकलं. दौत धुवायला हवी.

वर उजव्या कोपऱ्यात निळा ठसा दिसतो ना? तो त्यांचा अंगठा. यापुढे सरळ ओळीतलं पत्र आलं की आधी तो ठसा शोध. तो असला तर मी जागेवर आहे. नसला तर ये, मी फाटकाशी वाट बघेन.

डावा हात कागदावर, असं सिस्टर म्हणायच्या. कुणाचा, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

तुझी
शाई